उपाशी गांडुळं

खरात सर गांडुळांना उपास घडवतात. जाफराबादेत दुसरं कुणी असं करत असेल तर मला माहीत नाही.

सर माझे भाडेकरू. मातीतलं विष तपासतात. पन्नाशी आली, लग्न केलं नाही. बिस्किटं चहात बुडवून खातात. कुणी जेवायला बोलावलं तर "बघू" म्हणतात आणि जात नाहीत.

माझ्या परसात पूर्वी आमच्या यांच्या दुकानातले फवारणीच्या औषधाचे डबे असायचे. काही गळले. हे गेले, डबेही गेले, आणि त्याच जागेवर मी मेथी लावली. अक्कल तेवढीच. माझी नात सोनी हिवाळाभर ती तोडून कच्ची खात होती. सरांनी सहज माती तपासली, तर विष निघालं. तेव्हापासून सोनी नुसती खोकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावते.

सरांचं एकच पालुपद. "आजी, मातीत किती हाय ते सोडा. जिवाला किती लागतं ते बघू."

काळी माती विष धरून ठेवते म्हणे, सगळं सोडत नाही. म्हणून त्यांनी त्या मातीत गांडुळं ठेवली. चार आठवड्यांनी काढून ओल्या कागदावर दिवसभर उपाशी ठेवली. पोटातली माती निघून गेली की अंगात मुरलेलं तेवढंच मोजता येतं.

सर बाहेर गेले होते. मला ती वळवळ बघवेना. त्यांच्यावर परसातली मूठभर माती टाकली.

सर येऊन बघतच राहिले. "काय केलं, आजी?"

"मुके जीव. उपाशी मारून राह्यले तुम्ही."

"तुमच्या मुठीत किती विष होतं, कुणाला ठाऊक. आता पुन्हा चार आठवडे."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते चार आठवडे मी रोज सोनीचं अंग चाचपलं.

दुसऱ्यांदा गांडुळं कागदावर होती, त्या दिवशी मी सरांना चहा नेला. बिस्किटाचा पुडा फोडलेला नव्हता.

"खाल्लं न्हाई?"

"ते उपाशी हायत ना," सर खाली मान घालून म्हणाले. "दरवेळी असंच होतं."

मग गांडुळं आणि मेथीची पानं तपासायला जालन्याला गेली. तिथून तपासणीचा कागद आला. गांडुळांत थोडंच उतरलं होतं, पानांत नसल्यासारखं. सरांनी दोनदा वाचलं.

"मंग सोनीला मेथी देऊ?"

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "भाजी करा. पण आधी मला वाढा."

माझ्या घरी ते पहिल्यांदाच जेवायला बसले. सोनीने ताटाकडे हात नेला. सरांनी ताट दुसऱ्या बाजूला ओढलं.

"तू उद्या," ते म्हणाले.