देवरे तात्यांचं खालचं ऑफिस

आमचे शेजारी देवरे तात्या भेंडी घ्यायलासुद्धा पोटाची परवानगी काढायचे. भाजीवालीसमोर डोळे मिटून, पोटावर पंजा ठेवून उभे. "वरचं ऑफिस नुसतं टिपण लिहितं," डोक्याकडे बोट दाखवून ते मला समजवायचे. "सही खालच्या ऑफिसची लागते." नांदगावला जन्मभर कारकुनी केल्याचा हा परिणाम.

एकदा वणीला निघालेल्या एसटीतून, पोट नाही म्हणालं म्हणून उतरले, बायकोलाही उतरवलं. गाडी सुखरूप गेली, सुखरूप आली. मी छेडलं, तर म्हणाले, "गाडीला काय नाय झालं, पण मला लय धडधडलं असतं ना!" आता यावर काय बोलणार?

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि खालच्या ऑफिसची सही येणंच बंद झालं. तात्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत येऊ लागले. सकाळी दोन शर्ट हातात घेऊन माझ्या दारात. "कुठला घालू?" मी निळा सांगितला. पाच मिनिटांनी पुन्हा हजर! डॉक्टरांनी तपासलं, तर पोट ठणठणीत, डोकंही ठणठणीत.

त्यातच त्यांच्या मुलीनं, मनीषानं, स्वतःचं लग्न ठरवलं. मुलगा रविवारी घरी येणार होता, आणि बाबांच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही असं तिनं ठरवून टाकलेलं. तात्यांनी कागदावर मुलाचे गुण लिहिले. पान भरलं. दोषांचा रकाना कोरा.

"सगळं पटतंय हो," कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "पण आतून ना आनंद होतोय, ना भीती वाटतीये. मग हो म्हणू कशाच्या जोरावर?"

इतकी वर्षं या माणसाला हसलो, त्याची लाज वाटली.

रविवारी त्यांनी मला सोबतीला बसवलं. चहा झाला तरी तात्या तो गुणांचा कागदच उलटसुलट करत होते. मनीषाचा चेहरा उतरला. मग मुलानंच विचारलं, "आईंचा फोटो नाही लावला?"

तात्यांनी तो कपाटातून काढून आणला. कुठल्या भिंतीवर लावायचा, हेच त्यांना ठरवता आलं नव्हतं. मुलानं फोटो घेतला आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर धरला. "इथे?"

"तिथं नको!" तात्या ओरडलेच. "ऊन येतं तिथं. तिचं डोकं दुखायचं उन्हानं."

आणि ते हुंदके देऊन रडू लागले. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच. मुलगा फोटो छातीशी धरून त्यांच्याजवळ बसला. हे हो की नाही, असं मनीषानं मला खुणेनं विचारलं.

तात्यांनी रडतरडतच मुलाचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "मने, जेवायला थांबव याला."