दाढी हाय तर गडी हाय

आमच्या कारखान्यातल्या केतनच्या खिशात दोन कंगवे असायचे. एक डोक्याचा, प्लास्टिकचा, चार दात पडलेला. दुसरा दाढीचा, लाकडी, रुमालात गुंडाळलेला. डोकं विंचरायचं तो विसरे, पण दाढी विंचरल्याशिवाय त्यानं कधी कामाला हात लावला नाही. कुणी टोकलं की ठरलेलं उत्तर, "दाढी हाय तर गडी हाय, सायेब."

मी बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात सुरक्षा अधिकारी. वीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून इथं आलो तो गुळगुळीत गालांनी. आमच्या काळी मुलगी बघायला जाताना माणूस दोनदा दाढी करायचा. दाढी वाढवलेला तरुण म्हणजे एक तर प्रेमभंग, नाहीतर परीक्षेत नापास. आता पोरींच्या मोबाइलमधले सगळे हिरो दाढीवाले, म्हणून बेटेगावच्या भाड्याच्या खोल्यांतली आमची कामगार पोरं सकाळ-संध्याकाळ गालांना तेल चोळत बसतात. ज्यांना फुटत नाही ती बिचारी फोटोत मागच्या रांगेत उभी राहतात.

या सगळ्यांचा गुरू केतन. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका जमे. "भैया, तेल कौन सा लगाते हो?" आणि हा जवळच्याच माहीम गावातल्या आपल्या घरच्या नारळाचं तेल बाटलीतून थेंब थेंब वाटायचा.

असल्या माणसाला स्थळं येणारच. केतन म्हणायचा, "बापूस येव दे, मंग बघू." घराचे पत्रे बदलायचे? बापूस येव दे. बढतीची परीक्षा? बापूस येव दे. वडील मासेमारी करतात एवढं मला ठाऊक होतं. बापाच्या आड दडून टाळाटाळ करतोस, असं मी त्याला चारचौघांत चिडवायचो. तो हसून कंगवा काढायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. वायूचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेनं हवा शिरते. ते तपासायची रीत सोपी आहे. मास्क लावलेल्या माणसाभोवती गोड फवारा मारायचा. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय. केतन दर वेळी म्हणायचा, "गोड नाय लागत, सायेब." चेहरा मात्र श्रीखंड खाल्ल्यासारखा. मी हसून सोडून दिलं. तेव्हा सोडायला नको होतं.

मार्चमध्ये एका पाइपातून वायू सुटला. बाकीचे तिघे आपल्या पायांनी बाहेर आले, केतनला उचलून आणावं लागलं. आठवडाभर तो दवाखान्यात खोकत होता.

परत आला तेव्हा मी सांगितलं, दाढी काढ, नाहीतर गेटच्या आत पाऊल टाकू नकोस. तो म्हणाला, "मला गोडाऊनला टाका, सायेब. नायतर बागेत घाला." कुठंच जागा नव्हती. "पोरी काय म्हणतील याची काळजी पडलीय का रे?" मी विचारलं. "तसंच समजा," तो म्हणाला. मग मी ऐटीत वाक्य टाकलं, "दाढी परत येते, फुप्फुस येत नाही."

दुसऱ्या दिवशी तो तयार झाला. पाळी सुटल्यावर, गेटजवळच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवून माझ्याच रेझरनं मी त्याची दाढी-मिशी काढली. पोरं खिदळत होती. आतून निमुळत्या हनुवटीचा, ओळख न पटणारा चेहरा निघाला. पडलेले केस त्यानं रुमालात गोळा केले आणि घरी गेला.

मग चार दिवस पत्ता नाही, फोन बंद. चांगला झापायचा, असं ठरवून मी माहीमला गेलो. पडवीत बायका बसल्या होत्या. त्याच्या आईचं कपाळ मोकळं होतं. मी कोण ते कळल्यावर तिनं मला बसायला पाट दिला.

"ह्याचा बापूस तीन वर्सांमागं बोटीवरून पडला," ती म्हणाली. "बॉडी गावली नाय. लोक बोलले, दहावं करा. दहाव्याला पोराची दाढी-मिशी उतरवायला लागते. मी ह्याला बोलले, तू ज्या दिवशी उतरवशील त्या दिवशी मी टिकली पुसीन. तवापासून ह्यानं वस्तरा लावला नाय."

केतन दाराशी खाली मान घालून उभा होता.

"त्या सांजेला असाच दारात उभा रायला. बापूस रोज दाढी करायचा, असाच दिसायचा. मला वाटलं, हेच आले. मी पानी घेऊन उठले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीच म्हणाली, "तुमचा दोष नाय, सायेब. गेलेला गेला. ह्यो जित्ता रायला पायजे."

पंधरा दिवसांनी केतन कामावर आला. डोकंही भादरलेलं, खिशात एकही कंगवा नाही. मी मास्क त्याच्या तोंडावर बसवला, पट्टे ओढले आणि फवारा मारला. त्यानं दोनदा खोल श्वास घेतला.

"गोड नाय लागत, सायेब," तो म्हणाला. या वेळी तो खरं बोलत होता.