घागरवालीचे पुनर्लोकार्पण

आमच्या गावात शिवाशीव कधीच नव्हती, असा ठराव नगरपंचायतीने एकमताने संमत केला. आणि त्याच सभेत, शिवाशिवीविरुद्ध झालेल्या लढ्याचे स्मारक करण्याचाही. सरकारच्या स्मारक-अनुदान योजनेत बसण्यासाठी लढा आवश्यक होता.

नवा पुतळा घडवायला वेळ नव्हता. पण चौकात, बुजवलेल्या विहिरीच्या जागी, सुशोभीकरणात बसवलेली सिमेंटची घागरवाली होतीच. तिच्या घागरीतून पाणी पडे. पलीकडच्या वस्तीत नळ पोचलेला नसल्याने तिथल्या बाया त्या धारेखाली आपापल्या घागरी लावत. लहानपणी आईबरोबर याच विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या रुखमाबाई वस्तीत अजून हयात होत्या. त्यांना प्रमुख पाहुण्या करण्यात आले.

"शालीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "हे पाणी चालू राहीन नं?"

"आजी, स्मारक तुमचंच हाय," स्मारक समितीचे अध्यक्ष घनश्यामराव म्हणाले.

लोकार्पणाला सजीव देखावा ठरला. रुखमाबाई घागर घेऊन येतील, कोणीतरी त्यांना अडवेल, तरी त्या पाणी भरतील. अडचण अडवणाऱ्याची होती.

"आमच्या घरानं कोणाले अडवलंच नाही," घनश्यामराव म्हणाले. त्यांचे घर विहिरीला लागून होते.

"आमचं तं तवा गावात घरच नोतं," उपाध्यक्ष बाबुलाल म्हणाले.

"मंग माही माय त्या विहिरीवर कशानं पडली?" रुखमाबाईंनी विचारले. "ठेच लागली का तिले?"

सभेने हा मुद्दा उचलून धरला. कोनशिलेवर मजकूर कोरला गेला: 'येथे एका मातेस ठेच लागली. तथापि सर्वांच्या सहकार्याने पाणी भरण्यात आले.'

अडवणाऱ्याची भूमिका रिक्त ठेवण्यात आली.

आता स्मारक म्हटले की पावित्र्य आले. लोहाऱ्याहून स्टीलचा कठडा आला. गणवेश आणि शिट्टी देऊन लखीरामची चौकीदार म्हणून नेमणूक झाली. 'स्मारकास स्पर्श करू नये' अशी पाटी लागली. वस्तीतल्या बायांना लोकार्पणापर्यंत थांबायला सांगितले.

त्या दिवशी चौक भरला होता. भाषणे झाली. रुखमाबाई घरची घागर घेऊन कठड्याच्या फाटकाशी आल्या.

"आजी, मांगं व्हा," लखीराम म्हणाला.

"काहून?"

"इथं पाणी भराले मनाई हाय."

"कोण म्हणते?"

"वरून हाय."

"तवाबी वरूनच होतं, बाप्पा," असे म्हणून रुखमाबाईंनी घागर पुढे केली. लखीरामने ती धरली. त्या सोडेनात, तोही सोडेना.

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका जिवंत देखावा तालुक्यात झाला नाही, असे मंचावर सर्वांचे मत पडले. बाबुलालांनी डोळे पुसले. घनश्यामरावांनी जागच्या जागी लखीरामचा सत्कार जाहीर केला. आम्हीही उभे राहून टाळ्या वाजवल्या. तुम्ही आमच्या मागच्याच रांगेत होतात.

टाळ्या थांबल्या तेव्हा रुखमाबाई घरी निघाल्या होत्या. घागर रिकामी होती.