टेबलाखालचे साळवे सर

साळवे सर कुठल्याही हॉटेलात शिरले की आधी गुडघ्यावर बसतात आणि टेबलाखाली बघतात. मेनूकार्ड नंतर. त्यासाठी खिशात चौकडीचा एक वेगळा रुमाल असतो. तो फरशीवर अंथरायचा, त्यावर उजवा गुडघा टेकायचा आणि मान तिरकी करून आत डोकवायचं. वय एकाहत्तर. शेजारच्या टेबलावरच्या बायका पाय वर घेतात, वेटरला वाटतं आजोबांचं काही पडलं, मालकाला वाटतं तपासणीवाला साहेब आला. सर मात्र शांतपणे उठतात, रुमाल झटकतात आणि निकाल देतात.

"वरून समदीच हाटेलं चांगली असत्यात, विलासराव. लेकरू असतं खाली. हाटेल खालून बघायचं."

सर मूळचे पुणतांब्याचे आणि बोलणं अजून तिकडचंच. सावेडीत आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात; काकू जाऊन आठ वर्षं झाली. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, तीस वर्षं सहली नेल्या आणि एकही पोरगं हरवलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. अजूनही रविवारी चर्च सुटलं की दारात उभे राहून मुलांची डोकी मोजतात. कॉलनीत कुणाकडे लहान मुलंबाळं घेऊन पाहुणे आले, की कुठल्या हॉटेलात न्यायचं हे सरांना विचारायचं, असा आमच्याकडे रिवाजच पडलाय.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. सरांचा मुलगा सुहास बेंगळुरूला असतो. तो बायको-मुलीला घेऊन आला, की ही मंडळी घरीच जेवतात. गावातल्या प्रत्येक टेबलाची खालची बाजू ज्याला पाठ, तो माणूस स्वतःच्या नातीला घेऊन कुठेच जात नाही. पण असं कुणाला विचारणार कसं?

मागच्या महिन्यात माझ्यावर वेळ आली. कॉलेजातला मित्र सुधीर नागपूरहून बायकोला, मीनलला, आणि सहा वर्षांच्या ईशानला घेऊन शिंगणापूरला येणार होता. मुक्काम आमच्याकडे. मी फोनवर म्हटलं, रात्री बाहेर जेवू.

"बाहेर नको रे," सुधीर म्हणाला. "ईशानला गोंगाट सहन होत नाही. हॉटेलात गेलं की तो टेबलाखाली जाऊन बसतो. मग लोक बघतात, मीनल रडवेली होते आणि आम्ही पार्सल घेऊन घरी. दोन वर्षं झाली, बाहेर बसून जेवलोच नाही आम्ही."

आता शहाण्या माणसाने घरीच पिठलं-भाकरी केली असती. पण दोन वर्षं ज्या बाईने हॉटेलात एक गरम घास खाल्ला नाही, तिला एकदा तरी निवांत जेवू घालायचंच, असं माझ्या डोक्यात बसलं. "तू ये तर. आमच्याकडे तज्ज्ञ आहे," असं मी ठोकून दिलं.

तज्ज्ञांना हकीगत सांगितली. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणाऱ्या सरांनी आधी खिशातला रुमाल काढून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "टेबलाखाली बसतो? मंग लई काळजीनं बघावं लागंल."

आम्ही त्यांच्या जुन्या स्कूटरवरून पाहणीला निघालो. पहिल्या हॉटेलात बाग होती, झोपाळा होता. मला तिथेच ठरवून टाकावंसं वाटलं. सर मात्र झोपाळ्यापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेले, तेही लहान मुलासारखे, तुरुतुरु. वॉचमन घाबरून त्यांच्या मागे पळाला.

"नऊ सेकंद," सर धापा टाकत म्हणाले. "तेवढ्यात उसाचा ट्रक थांबतोय व्हय? नापास."

दुसऱ्या हॉटेलात आचाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "एकदम फिक्कं हाय, बाबा. लेकरं बोटं चाटत्यात." आमच्याकडे फिक्कं म्हणजे ज्यात मिरच्या मोजून टाकल्यात ते. एका घासात माझ्या कानातून वाफ निघाली. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "नागपूरवाल्यांना चालंल. लेकराला न्हाई."

तिसरं हॉटेल तारकपूरच्या बाजूला एका गल्लीत, जुनं, जेमतेम दहा टेबलांचं. सरांनी रुमाल अंथरला. कोपऱ्यातल्या टेबलाच्या खालून हात फिरवला. खिळा नाही, चिकटवलेलं च्युइंगम नाही. मग वर येऊन खुर्चीत बसले आणि पाण्याने भरलेला ग्लास मुद्दाम कोपराने पाडला. ही त्यांची शेवटची परीक्षा. वेटरचा फडका आधी आला पाहिजे, कपाळावरची आठी नंतर आली तर चालेल, असा नियम आहे.

बबन नावाचा तो वयस्कर वेटर फडका घेऊन आला. आठी आलीच नाही. "असू द्या, बाबा. पानीच हाय," म्हणाला आणि दुसरा ग्लास आणून ठेवला.

"अर्धा!" सरांनी माझा दंड दाबला. "बघितलं का? ह्या टायमाला अर्धाच भरला. हा मानूस लेकरांत वागलेला हाय. पास!"

शनिवारी आम्ही तिथे जेवायला गेलो. आम्ही दोघं नवराबायको, ते तिघं आणि अर्थातच सर. पहिली दहा मिनिटं छान गेली. ईशानने पापडसुद्धा खाल्ला. मीनल खुर्चीत जरा टेकून बसली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस सुरू झाला, टाळ्या पडल्या, एक फुगा फुटला आणि ईशानची खुर्ची रिकामी.

मीनलचा चेहरा पडला. तिने पर्स उचलली. "पार्सल सांग," ती हळूच म्हणाली. सुधीर खाली वाकला आणि मुलाचा दंड धरायला त्याने हात घातला.

"हात लावू नका त्याला!"

तो पीटीचा आवाज होता. सगळं हॉटेल गप्प झालं, वाढदिवससुद्धा. सुधीरने हात मागे घेतला. सरांनी खिशातून रुमाल काढला, अंथरला आणि या वेळी नुसतं डोकावले नाहीत. अख्खे आत गेले. बाहेर फक्त त्यांच्या चपला राहिल्या.

खालून आवाज आला, "जागा हाय का?"

मग बारीक आवाजात, "बसा."

"किती पाय दिसत्यात रं? मोज बरं."

"बारा. चार टेबलाचे आहेत."

"शाब्बास! मी समदेच मानसाचे धरले हुते."

बबनने काही न विचारता दहीभाताची ताटली खाली सरकवली. दोन चमचे. आणि वर मीनलने पर्स परत खुर्चीला अडकवली. तिने तव्यावरची गरम भाकरी खाल्ली, मग आणखी एक मागितली. मी माझ्या आयुष्यात कुणाला भाकरी खाताना इतकं बघितलं नसेल. अर्ध्या तासाने ईशान आईस्क्रीमसाठी आपण होऊन वर आला. सर काही वर येईनात. गुडघे धरले होते. मी आणि सुधीरने त्यांना ओढून काढलं.

हॉटेलाबाहेर आल्यावर सर माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होते. मी थट्टेने म्हटलं, "सर, एवढं काय असतं हो टेबलाखाली?"

ते थांबले. "सुहास असाच बसायचा. ईशानएवढाच हुता. मी दंडाला धरून बाहेर ओढला आन् समद्या लोकांसमोर दोन ठिवून दिल्या. पीटीचा मास्तर ना मी. शाळेची पोरं रांगेत आन् माझं टेबलाखाली?" त्यांनी चष्मा पुसला. "त्या दिवसापासनं माझ्यासंगं हाटेलात आला न्हाई. भांडत न्हाई, बोलत न्हाई. 'घरीच जेवू, बाबा,' एवढंच म्हनतो. त्याला खाली काय दिसत हुतं, ते बघतोय मी."

किती वर्षं आम्ही कॉलनीवाले त्या रुमालाला हसत होतो.

"नाताळात येनार हायेत," सर म्हणाले. "नात आता सहाची झाली."

"मग विचारा की सुहासला. जाऊ या म्हणावं."

"कुठल्या तोंडानं इचारू?"

पुढचे दोन रविवार त्यांनी तो विषय टाळला. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या फाटकाशी पोचलो तर सर व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे होते, अगदी सावधानमध्ये.

"नाताळात म्हनलं, बाहेर जाऊ जेवायला... न्हाई, गर्दी न्हाई. कोपऱ्यातलं टेबल हाय." मग आवाज एकदम बारीक. "खालून बघितलंय रं मी. आत बसून बघितलंय."

ते डोळे मिटून ऐकत राहिले. फोन ठेवला तरी हात कानाशीच.

"काय म्हणाला?" मला राहवेना.

"म्हनला," सरांनी तोच चौकडीचा रुमाल डोळ्यांना लावला, "बाबा, आपन दोघं मावू का खाली?"

मग ते आत गेले आणि मोजमापाची टेप घेऊन बाहेर आले. "चला, विलासराव. स्कूटर काढतो. माप घिऊन येऊ."