सायलीची काळी बिअर आणि मयेकरकाकांचं नाक

आमच्या शेजारचे मयेकरकाका कुलूप उघडण्याआधी किल्लीचा वास घेतात. नवी छत्री आणली की छत्रीचा घेतात, लग्नपत्रिका आली की पत्रिकेचा घेतात, आणि लिफ्टमध्ये कुणी शिरलं की त्या माणसाचाही घेतात, फक्त तेवढा जरा सभ्यपणे.

बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या या नव्या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांच्याकडे पोह्यांची ताटली घेऊन गेले. काकांनी दार उघडलं, ताटली नाकाशी नेली, डोळे मिटले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. इतका वेळ, की मला वाटलं, पोह्यांत काही पडलंय की काय. मग त्यांनी डोळे उघडून मलाच विचारलं, "तुम्हाला कसला वास येतोय, ताई?"

"पोह्यांचा," मी म्हटलं.

"ते झालं नाव. वास सांगा."

मी कढीपत्ता म्हटलं, हिंग म्हटलं, शेंगदाणे म्हटलं. गृहस्थ काही हलेनात. शेवटी वैतागून मी म्हणाले, "लहानपणी मामाकडे सकाळी लवकर उठवायचे ना, तेव्हा अंथरुणात यायचा तसला वास येतोय. झालं?"

काकांचा चेहरा उजळला. "हां! आत्ता कुठे पोहे आले."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, शेजार जरा जपून करावा लागेल.

पुढे कळलं की हा वेडेपणा नसून व्यवसाय होता. काका अंबरनाथला एसेन्सच्या कारखान्यात जन्मभर नोकरीला होते. सरबतं, बिस्किटं, खोकल्याची औषधं यांत जे वास घालतात, ते तिथे तयार व्हायचे आणि काकांच्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही पिंप बाहेर पडत नसे. "आपण लहानपणी खाल्लेली ऑरेंजची गोळी," ते एकदा छातीवर हात ठेवून म्हणाले, "ती मी." मुलगी सायली कॉलेजात असतानाच बायको वारली. त्यानंतर बाप-लेकीने एकमेकांना सांभाळलं ते बहुधा वासांवरच. मसाल्याच्या डब्यासमोर लेकीचे डोळे बांधायचे आणि एकेक वाटी नाकाखाली धरायची, हा त्यांचा पत्त्यांचा डाव. त्या डावात पोरगी इतकी तयार झाली, की शिकायला म्हणून बेल्जियमला गेली आणि तिथल्या एका छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, नोकरीलाच लागली.

सोसायटीत याची कुजबुज झालीच. मयेकरांची मुलगी परदेशात दारूच्या भट्टीवर आहे म्हणे. काकांनी ती कुजबुज जिन्यात गाठली. "भट्टी नाही, ब्रुअरी. आणि दारू नाही, एल, जुन्या पद्धतीची बिअर. तिथे मठातले साधू करायचे ती." साधू म्हटल्यावर बायका गप्प झाल्या. अगदी पटलं असं नाही, पण साधूंपुढे काय बोलणार?

दर रविवारी सायलीचा फोन यायचा. बापाची तब्येत, औषधं, कामवाली हे दोन वाक्यांत उरकायचं आणि मग खरं बोलणं सुरू. बाबा, नव्या माल्टच्या बार्लीला ओल्या पोत्यासारखा वास येतोय, काय करू? बाबा, जायफळ आणि जायपत्रीत नेमका फरक कसा सांगायचा? काका फोन ठेवून बाहेर यायचे तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसायचे. सगळा आठवडा त्या एका प्रश्नावर काढायचे. आम्हालाही कामाला लावायचे. जायफळ घेऊन दारात उभे. "ताई, सांगा बघू." आपण "छान आहे" म्हटलं की चिडायचे. "छान आहे हे मत नाही. ती बोळवण आहे. पाहुण्याला करतात तशी."

मागच्या हिवाळ्यात सायलीने पहिल्यांदाच स्वतःच्या कृतीची बिअर केली. काळी, घट्ट, चांगली कडक. तिच्या मालकाला पसंत पडली तर ती त्यांच्या दुकानात लागणार, सायलीचं नाव लेबलवर येणार. पण तिने बापाला कळवलं, "तुम्ही सांगितल्याशिवाय मी ती कुणाला चाखायलाही देणार नाही." आणि तिकडून येणाऱ्या कुणा मैत्रिणीच्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून, एक बाटली सोनिवलीत येऊन दाखल झाली.

काकांनी तिला बारशाच्या बाळासारखी टीपॉयवर ठेवली आणि आम्हाला दर्शनाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी, आमच्याच मजल्यावरचे रामचंदानी आणि भोईरदादा. रामचंदानींचं उल्हासनगरला पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. ते आता मुलगा बघतो आणि हे बदलापूरची हवा खातात. भोईरदादांच्या शेतावर, तिथल्या जुन्या घराच्या जागेसकट, आमची इमारत उभी आहे. ते आता गावातल्या घरी राहतात, पण संध्याकाळी आपल्या जुन्या शेतात चक्कर मारावी तसे काकांच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन बसतात.

रामचंदानींनी बाटली उजेडात धरली. तळाशी करडा गाळ होता. "अरे साईं, माल खाली बसलाय," ते म्हणाले. "दवा पण अशीच बसते." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ती बाटली खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

तो गाळ यीस्टचा असतो, तो तळाशीच राहू द्यायचा असतो, आणि हलवलेली बाटली उघडली तर बिअर छतावर मिळते, हे आम्हाला बरंच नंतर, काका बोलण्याच्या स्थितीत आल्यावर कळलं. चाखणं रविवारवर गेलं. तोपर्यंत बाटली कोपऱ्यात उभी होती आणि काका तिच्याजवळून चपला काढून चालत होते. भोईरदादांनी भीत भीत फ्रीज सुचवला. "अजिबात नाही," काका म्हणाले. "थंडीत वास झोपतो."

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही जमलो. रुंद तोंडाचे उंच पेले हवे होते, ते कुणाकडे असणार? शेवटी माझ्या रुखवतातले आइस्क्रीमचे काचेचे कप कामाला आले. मी बिअर पीत नाही. म्हणजे तोपर्यंत पीत नव्हते. काका आत जाऊन चाखण्याला शेंगदाणे भाजायला ठेवून आले, हात पुसले आणि बाटली कलती केली.

ती काळी नव्हतीच मुळी. गॅलरीतून चंदेरीच्या डोंगरामागचं तिरपं ऊन येत होतं, त्यात कप धरला तर आतून लाल दिसायची, डोळे मिटून सूर्याकडे तोंड केलं की पापण्यांतून दिसतं तशी. वर साईसारखा जाड फेस. पंखा बंद. खाली कुठेतरी कुणी चादर झटकत होतं, तेवढाच आवाज.

"घाई नाही," काका हळू म्हणाले. "वास येऊ द्या. आला की सांगा."

पहिला घोट मला कडू लागला, मग गोड, आणि मग मी कुठे बसले आहे तेच जरा विसरले. रामचंदानी डोळे मिटून बोलायला लागले. "माझी अम्मा काळे मनुके दुधात टाकायची, लौंग घालून. फाळणीनंतर कॅम्पमध्ये आमची बॅरक होती, एकच खोली, आठ माणसं. तो वास सगळ्यांच्या अंगावरून फिरायचा. मी विसरलो होतो, साईं. मी अम्माचा आवाज पण विसरलो होतो."

"अजून?" काका पुढे झुकून म्हणाले.

भोईरदादांनी कप दोन्ही हातांत धरला होता. "माजी आय गनपतीला सारन ढवलायची. खाली जरासं करपायचं. ते खरवडून आमाला मिलायचं. त्योच हाय ह्यो." मग त्यांनी दाराबाहेर बोट केलं. "चूल हितंच व्हती. तुमचे लिफ्टचे जागी."

मला माझ्या वडिलांचा कोट आठवला. लग्नाकार्यात घालायचा एकुलता एक कोट, उन्हात वाळत टाकलेला, खिशात विसरलेली एखादी खारीक. मी बोलले की नाही आठवत नाही, पण काका "कोट, खारीक" असं पुटपुटत होते, म्हणजे बोलले असणार. ऊन भिंतीवर सरकत होतं. चौघंही आपापल्या घरी गेल्यासारखे बसलो होतो.

"आता धूर येतोय," रामचंदानी म्हणाले. "कमाल चीज आहे, बदलत जाते."

"हां, चुलीचा," भोईरदादांनी दुजोरा दिला.

"धूर!" काका खुशीत आले. "वा! कसला धूर? लाकडाचा की गवताचा? नीट सांगा."

मीही कपात नाक घालून धूर शोधला. सापडला. चांगलाच सापडला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. मान वर केली तर स्वयंपाकघरातून धुराचा लोट बाहेर येत होता, आणि काका त्या दाराला पाठ लावून, सगळ्यांत जवळ बसून, हसऱ्या चेहऱ्याने विचारत होते, "सांगा ना, कसला?"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. शेंगदाण्यांचा कोळसा झाला होता. मागे वळले तर काका दारात उभे. त्यांनी धूर आत्ता पाहिला होता. फक्त पाहिला होता.

"ताई," ते म्हणाले, "सायलीला सांगू नका."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

स्टीलच्या तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये सायली दिसत होती, डोक्याला रुमाल, मागे चकचकीत टाक्या. काका सावरून बसले आणि त्यांनी निकाल दिला. काय दिला म्हणून सांगू! "आधी काळा मनुका येतो, दुधात भिजलेला, लवंगेसकट. त्याच्या मागून करपलेलं सारण, गुळाचं. मग जरा थांबलं की उन्हातला जुना कोट, खिशात खारीक. फेस शेवटपर्यंत टिकला. बिनधास्त दे मालकांना."

सायलीने डोक्याचा रुमाल सोडला.

"मनुका रामचंदानी अंकलचा," ती म्हणाली. "सारण भोईरदादांचं. कोट बहुतेक कल्पनाताईंचा." आम्ही तिघं चोरी पकडल्यासारखे फरशी बघायला लागलो. "तुमचा कुठला, बाबा?"

"माझाही तोच गं. तसाच."

"बाबा."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मला नाही गं येत. मागे तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर काहीच येत नाही. रोज सकाळी कपाट उघडतो, तुझ्या आईची साडी नाकाशी धरतो. नुसतं कापड. म्हणून दिसेल त्याला नाक लावत बसतो. म्हटलं, एखाद दिवस काहीतरी आत शिरेल." मग लहान मुलासारखं म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मला विचारायची थांबली असतीस."

रामचंदानींनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना.

"मला माहीत होतं," सायली म्हणाली. "दोन-तीन वर्षं झाली, तुम्ही मला एकदाही तुमचा वास सांगितला नाहीत. सगळे शेजाऱ्यांचे. म्हणून तर ही इतकी कडक केली, बाबा. इतकी गोड, इतकी कडू. वासाचं इकडे मालक बघतील. मला जिभेचं सांगा. घशाचं सांगा. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि खरं सांगायचं, नाही आवडली तरी. बोळवण नको."

काकांचा कप तसाच भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि चांगला मोठा घोट घेतला. डोळे मिटले.

"गोड," ते म्हणाले. "जिभेच्या टोकाला. जास्त आहे, थोडी कमी कर. टोचतंय बारीक, ते राहू दे. आता कडू आलं, मागून, मुळाशी. चांगलं कडू आहे, भांडत नाही." त्यांनी हात हळूच गळ्यावर ठेवला, मग छातीवर. "आणि आता ऊब उतरतेय गं. घशातून खाली. अजून उतरतेय. थांब हं, अजून..."

"थांबलेय," सायली म्हणाली. "सावकाश सांगा."