कुरडयांची डोंगरस्वारी

श्री कुलस्वामिनी प्रसन्न असो. ऐकणारांस सावली आणि सांगणारास पाणी मिळो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, वैशाखमासी वऱ्हाडात एक राज्य नांदत होते. मुलूख म्हणाल तर दोन खोल्या आणि एक गच्ची. तेथील धनी दिनकररावसाहेब यांणी एके रात्री एकाएकी हुकूम केला की, उद्या पहाटे सहकुटुंब डोंगरी हवा खाण्यास कूच करावे. ऐसीयास राणीसाहेब शैलजाबाई यांणी कुरडयांचे गहू वाटून चीक काढून ठेविला होता, तो उद्या न शिजवावा तर आंबून वाया जावा. लग्न होऊन आल्यापासून दर वैशाखी साऱ्या भाऊबंदांच्या कुरडया बाईंच्याच गळ्यात, सबब डोंगर म्हणून पाहिला नाही. जाऊबाई मात्र दरसाल जाऊन येत आणि सांगत की, वर भर वैशाखात शाल लागते. बाई मुखे 'हो का' म्हणत आणि मनी जळत. मग बाईंनी विचार केला की, चीक टाकणे नाही आणि राहणेही नाही. आणि चिकाचे पातेले व साचा गुपचूप गाडीत आसनाखाली दडविला.

कूच जाहले. आणि उजाड माळावर, ऊन ऐन भरात असता, गाडीचा पट्टा तुटला, इंजिनातून वाफा निघाल्या आणि रथ जागीच बसला. रावसाहेबांचे अवसान गळाले. म्हणो लागले, पुढली एस. टी. धरून घरी परतावे, डोंगर काय पळून जातो? कन्या केतकी रडकुंडीस आली. बाईंनी मनी ताडिले, की आता परतलो तर पुन्हा निघणे होत नाही. मग बाई उतरल्या आणि एवढेच बोलिल्या, "एस. टी. येईल तेव्हा येईल. तोवर माझा चीक शिजू द्या."

रावसाहेबांनी पातेले पाहून कपाळास हात लाविला. परंतु बाईंनी वाटेत चहाकरिता घेतलेली शेगडी पेटविली, चीक घोटला, तापल्या कातळावर घरची चादर अंथरिली आणि कुरडया घालीत सुटल्या. एस. टी. आली, धुरळा उडवून गेली. रावसाहेबांचे हात साच्यात गुंतले होते, हात करावा कोणी? ते समयी डोंगरावरले बटाटे आणावयास वर निघालेला रिकामा ट्रक थांबला. ट्रकवाले नथ्थूजी खाली उतरोन चादरीकडे पाहतच राहिले. बाईंनी वाटीभर ऊन चीक, वर साखर आणि गोडेतेल, ऐसा पुढे केला. नथ्थूजींनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "तुमचा चीक खाल्ला माय, आता सोडून कसा जाऊ? बसा."

मग रथ दोरास बांधोन पायथ्याच्या गॅरेजात टाकिला, मायलेकी पुढे बसल्या आणि रावसाहेब मागे नथ्थूजींच्या बटाट्याच्या पाटीत भरलेल्या ओल्या कुरडया सांभाळीत घाट चढले. सांजवेळी स्वारी माथ्यावर दाखल जाहली. वारा सुटला आणि बाईंच्या अंगावर काटा आला. शाल कोणी आणिलीच नव्हती. रावसाहेबांनी तीच चादर झटकून बाईंच्या खांद्यावर घातली. चिकाने ती कडक जाहली होती, खरखर वाजे.

"थंडी वाजते काय?" रावसाहेबांनी पुसले.

"वाजते," बाई म्हणाल्या. "वाजू द्या."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. रथ अद्याप गॅरेजात आहे. कुरडया किंचित वाकड्या निघाल्या, परंतु तळिता खाशा फुलल्या. परत येऊन जाऊबाईंचा वाटा पोचविते समयी बाईंनी सहज सांगितले की, वर भर वैशाखात शाल लागते. जाऊबाई 'हो का' म्हणाल्या.