लिनक्समध्ये आलेल्या सासूबाई

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला दोन दिवस लागले, आणि मी तर समोर हजर होतो!

रविवारी सकाळी मेहुणा आला तो गळ्यात हेडफोन अडकवूनच. सासूबाई गोष्टी फार सुरेख सांगायच्या. त्या जाण्याआधीच्या वर्षी बायकोनं त्यांच्या एकेचाळीस गोष्टी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. मेहुण्याला नुकतीच नात झालेली. तिला पणजीचा आवाज ऐकवायचा, म्हणून तो त्या न्यायला आला होता. आणि नेमकं बुधवारीच मी त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं होतं.

पाच मिनिटं शोधून त्यानं विचारलं, "दाजी, आईच्या गोष्टी कुठे गेल्या?"

बायको खिडकीपाशी बटणांचा डबा घेऊन बसली होती. शिवणकामाची बटणं ती रविवारी निवडते. तिनं मान वर केली नाही. हे लक्षण काही बरं नव्हतं.

"बस," मी म्हणालो. "आधी पाणी पी. ऐकायला छाती लागेल."

मग मी सांगितलं ते असं.

जुना कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की बटण दाबावं, अंघोळ उरकावी, तरी हा आपला डोळे चोळतोय. लिनक्स टाकलं की तरणाबांड होईल, असं मेहुण्याच्याच लेकीनं सांगितलं आणि पेनड्राइव्ह दिला. आधी नुसतं वापरून बघा, काही पुसू नका, हेही तीनदा बजावलं. मी म्हटलं, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी रेडिओ खोलतोय.

बुधवारी दुपारी बायको दुकानात गेली. घरात मी एकटा. आभाळ असं दाटलेलं की भरदिवसा भिंतीवरचं घड्याळ दिसेना. मी पेनड्राइव्ह लावला. पडदा काळा झाला आणि खालून वर बारीक पांढऱ्या ओळी चढू लागल्या, मुंग्या कुणाचं तरी घर उचलून नेताहेत अशा. मग त्याही थांबल्या. काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता. त्याच्या मागे खोलीचं दार. ते मी कडी घालून बंद केलं होतं. काचेत ते उघडं होतं.

मी वळून पाहिलं. बंद.

पुन्हा काचेत पाहिलं. उघडं!

मेहुण्यानं पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर तीन पर्याय आले. वापरून पाहा. जुन्याच्या शेजारी बसवा. सगळं पुसून बसवा. तिसऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माऊस तर टेबलावरून घसरून वायरीला लटकत होता, फाशी दिलेल्या उंदरासारखा. आणि तरीही पडद्यावरचा बाण हलला. सावकाश. एखादी म्हातारी अंधारात भिंत चाचपत जाते तसा. तिसऱ्या पर्यायावर जाऊन थांबला.

यंत्रानं माझं नाव विचारलं. मग पासवर्ड मागितला. मी अक्षरं दाबत गेलो, पण पडद्यावर काही म्हणजे काही उमटेना. ठिपकासुद्धा नाही. आतून कुणीतरी एकेक अक्षर गिळत होतं. सगळी गिळून झाल्यावर यंत्र पुढे सरकलं. कोपऱ्यातलं घड्याळ उगवलं, तर त्यात नऊ वाजून दहा मिनिटं.

"दुपारी?" मेहुण्याचा आवाज चिरका झाला. "दाजी, आई गेली ती वेळ."

"म्हणून तर सांगतोय," मी म्हणालो.

तीन वर्षं मेलेला प्रिंटर कण्हला. त्यातून एक कोरा कागद बाहेर आला. हातात घेतला तर गरम, आणि लवंगेचा वास. सासूबाई दिवसभर लवंग चघळायच्या. पडद्यावर सूचना आली की आवाजाचं यंत्र सापडलं नाही. ती वाचून होते न होते तोच त्याच मुक्या स्पीकरमधून कुणीतरी श्वास आत घेतला.

सासूबाईंचा माझ्यावर केवढा लोभ होता, हे मी सांगायला नको. उभ्या आयुष्यात त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. त्यामुळे आवाज मी लगेच ओळखला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, अजून किती वर्षं मला या खोक्यात कोंडून ठेवणार? पुसू द्या सगळं. मोकळं करा मला."

मी हात जोडले. लेकीला आणि लेकाला काय सांगू, विचारलं. त्या म्हणाल्या, आईनंच सांगितलं म्हणा. मग बाण हलला, आणि एकेचाळीसही गोष्टी गेल्या.

मेहुण्यानं गळ्यातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "तिचीच इच्छा असेल तर," तो म्हणाला, "मी कोण मध्ये येणारा?"

खरं सांगतो, इथे मला जरा कसंतरीच झालं. पण गोष्ट इतकी रंगात आल्यावर मागे फिरायला जागा उरत नाही.

बायकोनं बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून एक पेनड्राइव्ह काढला आणि भावाच्या तळहातावर ठेवला.

"बुधवारी सकाळी यांनी लिनक्सचं नाव काढलं, तेव्हाच उतरवून घेतल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

मग तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि अहो, लग्नाची बोलणी चालू असताना घरी हत्ती आहे म्हणून थाप मारलीत, तेव्हापासून बत्तीस वर्षं आई तुमच्याशी एक अक्षर बोलली नाही. मेल्यावर कशाला बोलेल?"